यादीतलं रत्नागिरीचं नाव

कोल्हापूरची बाई रत्नागिरीला जाऊन आली, यात लिहून कळवण्यासारखं काही नाही, हे मला मान्य आहे. आंबा घाट उतरून चार तासांत माणूस समुद्राशी. आमच्या गल्लीतली निम्मी माणसं दर मे महिन्यात जातात, गणपतीला नमस्कार करतात, मासे खातात आणि पाठ भाजून घेऊन परत येतात. मी मात्र गेले होते एक फॉर्म भरायला.

आरोग्य खात्यात मी एकतीस वर्षं फॉर्मच भरले. हत्तीरोग, कुष्ठरोग, बाळंतपणं, सर्पदंश. कुणाच्याही ओट्यावर बसून कुणालाही काहीही विचारायचं आणि तोंडावरची रेघ हलू द्यायची नाही, एवढी एकच विद्या मला येते. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी माझे जुने साहेब ती विसरलेले नाहीत. मार्चमध्ये त्यांचा फोन आला. कंबोडियात सत्तरच्या दशकात जो नरसंहार झाला, त्यातून वाचलेल्या माणसांचा परदेशातलं एक विद्यापीठ पाठपुरावा करत होतं. ही माणसं आता म्हातारी व्हायला लागली आहेत. लहानपणी वर्षानुवर्षं उपाशी राहिलेल्या शरीराला उतारवयात काय काय होतं, कोण किती जगतं, कशानं जातं, हे त्यांना हवं होतं. माणसं जगभर विखुरलेली. भारतात यादीत एकच नाव.

"कुठं? दिल्लीला?" मी विचारलं.

"जयगडच्या अलीकडं. जिल्हा रत्नागिरी."

मी म्हटलं, साहेब, टायपिंगची चूक असेल. चूक नव्हती. तिथल्या माणसांची नावं मी बदलली आहेत, आणि लिहू का म्हणून त्यांना विचारलं आहे.

गणपतीपुळे, सोमवार

मुक्काम गणपतीपुळ्याला ठेवला, कारण जयगडच्या बाजूला लॉज आहे का असं ज्याला ज्याला विचारलं त्यानं गणपतीपुळ्याचाच नंबर दिला. एप्रिलचा शेवटचा आठवडा. देवळापुढं रांग, रांगेत निम्मे आमच्याकडचे, हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं. आम्ही देशावरची माणसं देवाशी बोलतानाही शेतात हाक मारल्यासारखं बोलतो. कोकणातला माणूस वाक्याच्या शेवटी सूर जरा वर नेऊन सोडून देतो आणि पुढचं आपण समजून घ्यायचं असतं.

लॉजच्या मालकीणबाईंनी जेवायला वाढताना विचारलं, "तुमच्याकडं तिखट फार ना हो?" मग काय, मी अर्धा तास आमच्या रश्शाची फुशारकी मारली. आमच्या पोटाला काही होत नाही, असंही वर सांगितलं. त्यांनी परसातला बरका फणस फोडला आणि गऱ्यांचं ताट माझ्यापुढं सरकवलं. बरका म्हणजे मऊ, गिळगिळीत, घशाखाली आपोआप उतरणारा. किती गरे उतरले ते मी मोजलं नाही.

जेवण झाल्यावर विद्यापीठाचं पाकीट उघडलं. माझ्यासाठी इंग्रजी फॉर्म होता, चाळीस पानी. शिवाय उत्तर देणाऱ्या व्यक्तीला मातृभाषेत वाचता यावा म्हणून तोच फॉर्म ख्मेर लिपीत, रंगीत मुखपृष्ठासह छापलेला. अक्षरं फार देखणी होती. एवढा विचार आमच्या खात्यानं कधी केला नव्हता, त्यामुळे मला त्या लोकांबद्दल आदर वाटला.

बौद्धवाडी, मंगळवार

रिक्षा कातळावरून गेली. काळा, तापलेला, उघडा कातळ, मध्येच काजूची झुडपं, आणि एका वळणावर एकदम खाली खाडी आणि बंदराच्या उंच क्रेन. घर वाडीच्या टोकाला होतं, जांभ्या दगडाचं, पुढं सारवलेलं अंगण. अंगणात सत्तरीचे एक गृहस्थ पाटावर बसून कोळंबी सोलत होते.

"जयभीम," ते म्हणाले. "मॅडम ना? बसा. वास येईल जरा."

हे वसंत जाधव. छप्पन साली धम्म स्वीकारलेलं घर. वसंतराव जहाजावर स्वयंपाकी होते आणि आजही घरातला मासा दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत. मुलगा मुंबईत नोकरीला, सून प्रज्ञा गावातच अंगणवाडी सांभाळते. आणि यादीतलं नाव होतं त्यांच्या बायकोचं. ती आतून पदराला हात पुसत आली. साठीची, बुटकी, रुंद चेहऱ्याची, गुडघ्यापर्यंतचा गाऊन आणि त्यावर ओढणीसारखा टाकलेला जुन्या लुगड्याचा पदर. गावात तिला सुजाताकाकी म्हणतात. मूळ नाव चान्था.

मी मोठ्या कौतुकानं ख्मेर फॉर्म तिच्या हातात दिला. तिनं तो उलटसुलट केला, कागदावरून बोट फिरवलं आणि परत दिला.

"मला नाय वाचायला येत ह्या," ती म्हणाली. "मी शाळेत कवा गेले? शाळाच बंद केल्यानी त्यांनी. मला मराठी येता. पोराच्या पयलीच्या पुस्तकावर शिकले."

तेव्हा विद्यापीठाचा तो देखणा कागद अंगणातल्या तिघांपैकी कुणालाच वाचता येईना, आणि मी इंग्रजी वाचून एकेक प्रश्न मराठीत सांगायला लागले.

ती इथवर कशी आली, हे वसंतरावांनी सांगितलं. सरहद्दीवरच्या छावणीतून सुटून ती थायलंडच्या एका बंदरात खानावळीत भांडी घासत होती. यांचं जहाज तिथं दुरुस्तीला महिनाभर थांबलं होतं.

"हिला बगितली ती जेवताना," ते म्हणाले. "मी कूक माणूस, मी माणसा जेवताना बगतो. असा जेवणारा मी पुन्ना बगितला नाय. ताट दोन्ही हातांनी धरून, कुणी ओढून नेईल असा. मी मनात म्हटला, हिला आपण जेवायला घालायचा."

कागदपत्रांना तीन वर्षं लागली. ती आली तेव्हा तिला मराठी येईना, घरच्यांना तिची भाषा कळेना. पहिल्या पौर्णिमेला तिला विहारात नेलं. सगळ्यांनी त्रिसरण म्हणायला सुरुवात केली तर ही सगळ्यांच्या पुढं, खणखणीत, लहानपणी तिकडंही तेच म्हटलेलं. "आमी पालीत चुकायचो, ही चुकायची नाय. माजी आई म्हणाली, पोर आपलीच हाय." सुजाता हे नाव सासूनं ठेवलं. उपासानं हाडं उरलेल्या सिद्धार्थाला खीर देणारी ती सुजाता. सासूनं विचार करून ठेवलं की सहज, ते विचारायचं राहून गेलं.

पहिली वीस पानं सोपी होती. झोप, गुडघे, दात, दम लागतो का. रक्तदाब घेतला, वजन घेतलं. निघताना प्रज्ञा माझ्यामागे फाटकापर्यंत आली.

"मॅडम, तुमी आरोग्य खात्यातल्या ना? आईंना जरा समजवा हो."

सुजाताताईंच्या पित्ताशयात खडे होते. त्यापायी दोनदा कावीळ झाली होती. रत्नागिरीच्या एका दवाखान्यात ऑपरेशनची तारीख दोनदा ठरली आणि दोनदा रद्द झाली, कारण भूल द्यायच्या आधी पोट रिकामं लागतं आणि दोन्ही वेळा त्या काहीतरी खाऊन बसल्या. पहिल्यांदा शेजारच्या पेशंटची बिस्किटं. दुसऱ्यांदा प्रज्ञानं पुरती काळजी घेतली. आदल्या दिवशी घरातलं तांदळाचं पिंपसुद्धा शेजारी नेऊन ठेवलं, डोळ्यासमोर नको म्हणून. पहाटे सुजाताताई शेजारी गेल्या आणि पिंपातला कच्चा तांदूळ मुठीनं खाल्ला.

"आता शुक्रवारची तारीख हाय," प्रज्ञा म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, परत कावीळ झाली, आत पू झाला, तर वाचवता येणार नाय. आणि ह्या हसतात. वाडीतल्या बायका पौर्णिमेला उपोसथ धरतात, दुपारनंतर जेवत नाहीत. ह्या बुद्धाच्या देशातल्या, पण एक दिवस धरीत नाहीत. सगळ्या नावं ठेवतात त्यांना. मी तरी काय करू?"

मी म्हटलं, मी फॉर्म भरायला आले आहे. ते खरंच होतं.

बुधवार

फणसानं मंगळवारी संध्याकाळपासून सूड घेतला. कसा, ते सांगत नाही. बुधवारी दहा वाजता मी जाधवांच्या ओट्यावर भिंतीला टेकून बसले तेव्हा वसंतरावांनी माझ्याकडं नुसतं पाहिलं आणि विचारलं, "बरका?" मी मान हलवली. ते इतके हसले की त्यांना खोकला आला.

प्रज्ञानं पेज केली. आमच्याकडं पोट बिघडलं की ताक-भात किंवा मुगाची खिचडी. कोकणात सगळ्या दुखण्यावर पेज. उकड्या तांदळाची, पातळ, मिठाची, शेजारी कैरीच्या लोणच्याची फोड. वाडगा हातात घेतला आणि पहिल्या घोटाला पोट शांत झालं. इतका साधा पदार्थ आणि आपल्याला साठ वर्षं कुणी सांगितला नाही, असं मनात येत होतं.

तेवढ्यात सुजाताताई बाहेर आल्या. माझ्या वाडग्यात डोकावल्या. त्यांचा चेहरा एकदम बंद झाला, दार लावून घेतल्यासारखा. आत गेल्या, मूठभर भात आणला आणि माझ्या पेजेत टाकला. परत गेल्या, दुसरी मूठ आणली.

"आई, पोट बिघडलंय त्यांचा!" प्रज्ञा ओरडली.

"बिघडलाय ना? मग जेवायला घाल," त्या म्हणाल्या. "आजारी माणसाला पाणी काय देतेस?"

"पाणी नाय, पेज हाय ती."

"दाणे मोजता येतात ना त्यात? मग ता जेवान नाय."

मी वाडगा खाली ठेवला आणि फॉर्म उघडला. सवय, दुसरं काय. मी विचारलं, "तिकडं काय द्यायचे?"

हेच, त्या म्हणाल्या. सगळ्या गावाची चूल एकच. घरी शिजवलं तर मारून टाकत. दिवसभर बांधावर माती उपसायची आणि रांगेत उभं राहायचं. एक पळी पाणी, तळाशी चार दाणे. पोरं आपापले दाणे मोजून एकमेकांना सांगत. त्या तेव्हा दहा-अकरा वर्षांच्या असाव्यात. नक्की वय त्यांनाही माहीत नाही. हे सगळं त्यांनी लसूण सोलत सांगितलं, आवाज न चढवता, आणि मीही तसंच उतरवून घेतलं.

प्रज्ञा दारात उभी होती. तिचा हात तोंडावर गेला होता.

"मॅडम," ती म्हणाली, "दोन्ही वेळा आदल्या दिवशी संध्याकाळी मी ह्यांना पेजच दिली. हलका खायचा म्हणून. आणि दुसऱ्या वेळी घरातला सगळा तांदूळ उचलून नेला."

खरं तर त्या पोरीनं काही चुकीचं केलं नव्हतं. कोकणातली कुठलीही सून, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, सासूला प्रेमानं पेजच देईल. माझ्या पोटाला ती देतानाही तिनं विचार केला नव्हता.

पुढचं पान भावंडांचं होतं. किती, हयात किती, मृत किती, मृत्यूचं कारण. कारणांना आकड्यांचे संकेत. मला हे पान वगळता आलं असतं. मी वगळलं नाही.

"दोन मोठे भाऊ, त्यांना नेल्यानी," त्या म्हणाल्या. "परत आले नाहीत. आणि एक धाकटा. सहा वर्षांचा."

"कारण?"

त्यांनी लसूण खाली ठेवला. "माज्या कमरेला मूठभर भात बांधलेला व्हता. चोरलेला. त्यानं मागितलान. मी म्हटला, संपला. सकाळी तो उठला नाय."

"मग?"

"मग मी खाल्ला."

मी संकेतांच्या यादीत 'भूक' शोधली आणि चौकटीत आकडा लिहिला. त्या वाकून बघत होत्या.

"काय लिवलात?"

"भूक."

"माजा नाव लिवा तितं."

"त्याला रकाना नाही, सुजाताताई."

हे मी म्हटलं. एकतीस वर्षांच्या नोकरीत मी याहून निर्बुद्ध वाक्य बोलले असेन, पण आठवत नाही. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा लसूण घेतला. आजवर हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, ते वसंतरावांच्या चेहऱ्यावरून कळलं. आजच्या कोळंबीचं भांडं मांडीवर तसंच घेऊन ते बसले होते.

रत्नागिरी, गुरुवार आणि शुक्रवार

माझं काम संपलं होतं. परतीची गाडी गुरुवारी सकाळची होती. ती मी सोडली आणि जाधवांबरोबर रत्नागिरीला गेले. साहेबांना कळवलं की एक पान अपुरं आहे. खोटं होतं, पण साहेब माझ्याशी यापेक्षा मोठं खोटं बोललेले आहेत.

सर्जन तरुण होता, घाईत होता, पण ऐकून घेणारा होता. मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. संध्याकाळी पेज नको, पोटभर भात द्या, तुम्ही सांगाल त्या वेळेच्या आत. आणि नंतर भाताचा डबा त्यांच्या उशाशी राहू द्या.

"अहो, जवळ ठेवला तर खाणारच!" सिस्टर म्हणाली. "दोन वेळा खाल्लंय त्यांनी."

"लपवला म्हणून खाल्लंय," मी म्हटलं. मला खात्री नव्हती. आकडेवारीच्या भाषेत बोलायचं तर माझ्याकडं एक पेशंट आणि एक वाडगा पेज, एवढाच पुरावा होता.

सर्जननं सुजाताताईंना विचारलं, "आजी, खरंच खाणार नाही?"

"नाय खाणार. मला दिसला पायजे."

"एक दाणा गेला तरी मी हात लावणार नाही. आणि यानंतर तारीख देणार नाही."

"बरा," त्या म्हणाल्या.

वसंतरावांनी घरून दोन डबे आणले होते. जहाजावरच्या सवयीनं ते डब्यात भात भरला की वरचा थर उलथन्यानं सपाट करतात, गिलाव्यासारखा. संध्याकाळी सातला पहिला डबा त्यांनी बायकोपुढं ठेवला, बरोबर वाफवलेली भाजी. सगळा डबा संपेपर्यंत ते समोर बसून होते. दुसरा उशाशी गेला. मी नातेवाइकांसाठी असलेल्या लॉजवर जाऊन झोपले.

सकाळी साडेसहाला गेले तेव्हा सुजाताताई बसून होत्या, दोन्ही हात डब्यावर. प्रज्ञा म्हणाली, पहाटेपासून किती वेळा झाकण उघडलं त्याला गणती नाही. उघडायच्या, बघायच्या, लावायच्या. सिस्टर आली. तिनं काही न विचारता डबा घेतला आणि झाकण काढलं.

भात सपाट होता. कडेलासुद्धा बोट लागलेलं नव्हतं.

"चला आजी," सिस्टर म्हणाली, आणि तिचा आवाज जरा बदललेला होता. सुजाताताईंनी डबा वसंतरावांच्या मांडीवर ठेवला, झाकण घट्ट बसलंय का ते दाबून पाहिलं आणि स्ट्रेचरवर आडव्या झाल्या.

पावणेदोन तास लागले. वसंतराव बाकावर डबा घेऊन बसले. मला सकाळच्या चहानंतर काही खायचं सुचलं नव्हतं, प्रज्ञालाही नाही. बाहेर समोरच खानावळ होती, पण उठलं कुणीच नाही. सर्जन बाहेर आला, म्हणाला, पिशवी अगदी फुटायच्या बेतात होती, आणखी आठवडा निघाला नसता. मग प्रज्ञा खाली औषधं आणायला गेली.

बराच वेळ देखरेखीखाली ठेवून दोन वाजता सुजाताताईंना वॉर्डात आणलं. ओठ कोरडे पडले होते. सिस्टरनं सांगितलं, संध्याकाळी सहाला पाणी, तेही चमच्यानं, खायचं उद्या. बिछान्याशी आम्ही दोघंच होतो, वसंतराव आणि मी. त्या छताकडं बघत होत्या. मग मान वळवून त्यांनी डब्याकडं पाहिलं. मला भीती वाटली. इतकं सगळं होऊन आता मागतील, आणि आम्हाला नाही म्हणावं लागेल, आणि ते मी म्हणणार नाही, वसंतरावही म्हणणार नाहीत.

त्याच वेळी माझ्या पोटात जोरात गुरगुरलं. वॉर्डात शांतता होती, सगळ्यांना ऐकू गेलं.

सुजाताताईंनी माझ्याकडं पाहिलं. "मॅडम जेवल्या?"

"नाय अजून," वसंतराव म्हणाले.

"डबा दे त्यांना."

वसंतराव हलले नाहीत. "तुजा हाय तो."

"मी सांगतंय ना. दे."

मी म्हटलं, मला भूक नाही. हे ऐकून त्या बाईनं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मी डबा घेतला. कालचा भात, एप्रिलचा उकाडा, जरासा आंबूस लागत होता. मीठ नाही, वर काही नाही. दुसऱ्या घासाला मला रडू आलं. एकतीस वर्षांत कुणाच्या ओट्यावर आलं नव्हतं, खोटं कशाला सांगू. चेहरा पुसायलाही हात मोकळा नव्हता. त्या कोरड्या ओठांनी बघत होत्या, प्रत्येक घास.

"सगळा खा," त्या म्हणाल्या. "ठेवू नकोस."

मी सगळा खाल्ला. त्यांनी हात पुढं केला. मी डबा त्यांच्यापुढं तिरका धरला, तळ दिसेल असा. त्यांनी आत बोट फिरवून पाहिलं, मग हात छातीवर ठेवला आणि डोळे मिटले. थोड्या वेळानं बारीक घोरणं सुरू झालं.

"भुलेची गुंगी असेल अजून," जाता जाता सिस्टर म्हणाली.

वसंतरावांनी बायकोच्या चेहऱ्याकडं नीट पाहिलं.

"गुंगी नाय," ते म्हणाले. "झोपली."